सासूबाईंनी शिवलेला कामाचा ड्रेस

साड्यांच्या बाबतीत मी फार कडक होते. कारखान्यात लागल्यापासून सहा वर्षांत एकदाही चुरगळलेली साडी नेसून कामावर गेले नाही, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. रविवारी दुपारी साबुदाण्याची खळ करायची, सहा सुती साड्या तिच्यातून काढायच्या, गॅलरीच्या तारेवर ताणून वाळवायच्या आणि संध्याकाळी एकेक करून इस्त्री करायची. इस्त्रीवाल्याकडे द्यायची नाही. त्याची घडी मला पटायची नाही. साडीला जुळणारा कोपरापर्यंत बाहीचा ब्लाउज, मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ, घट्ट अंबाडा. गजरा नाही, बांगड्या नाहीत. असा माझा ठरलेला थाट.

थाट म्हणते खरा, पण त्यामागे कारण होतं. इंजिनिअरिंगला वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मुलुंडच्या कारखान्यात तर मी एकटी. तिथे शेतीच्या पंपांचे भाग बनायचे. ऑफिसात टायपिस्ट होत्या, टेलिफोनवर एक बाई होती, पण मशीनवर, म्हणजे आमच्या भाषेत फ्लोअरवर, बाई मी एकच. पहिल्या आठवड्यात कुणीतरी मागून म्हणालं होतं, "ही काय चार दिवस टिकणार यार." तेव्हापासून मी अशी टापटीप राहायला लागले, की माझ्याकडे बघून कुणाला काही म्हणायला जागाच मिळू नये. सहा वर्षांनी सहायक प्रॉडक्शन इंजिनिअर झाले. ते बोलणाराच मला "मॅडम, जरा हे बघता का" म्हणत बोलवायला लागला. तेव्हा मनातल्या मनात मला फार बरं वाटलं.

आम्ही घाटकोपर पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत राहत होतो. दोन खोल्या, चौघं माणसं. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवरा महापालिकेत होता. सासऱ्यांना मी पाहिलं नाही. ते परळच्या मिलमध्ये लूमखात्यात होते आणि माझ्या लग्नाआधीच गेले. सासूबाई मालवणकडच्या. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी बोलणं अर्धं मालवणी. नऊवारी नेसायच्या, बोलायच्या मोजकं आणि बोलल्या की थेट. घरातलं शिवणाचं मशीन त्यांचं होतं, हातानं चाक फिरवायचं. कॉलनीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यावर व्हायचे.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे कामाचा कहर. दिवाळीच्या आधी माल गेला पाहिजे, म्हणून सगळेच वेळेनंतर थांबायचे. आणि उकाडा असा, की शेडच्या पत्र्याखाली उभं राहिलं तर माझ्या साडीची खळ अकरा वाजेपर्यंत उतरलेली असायची. मी सकाळी नऊला पोचायची आणि संध्याकाळी साडेसातला निघायची. पूल ओलांडून पूर्वेला घरी येईपर्यंत मुलगी जेवून पेंगत असायची.

त्या वर्षी शाळेत बाईंनी मुलांना 'माझे घर' असं चित्र काढायला सांगितलं. मुलीनं आजीला मशीनजवळ बसवलं होतं, बाबांना पेपर वाचत. मी जिन्यात होते. पाठमोरी, खांद्याला पर्स.

"हे कोण?" मी विचारलं.

"तू. कामावर चाललीस."

"तोंड का नाही काढलंस गं?"

"जाताना तोंड कसं दिसेल?" ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं तो प्रश्नच वेड्यासारखा होता.

मी ते चित्र कपाटाला आतून चिकटवलं. नवऱ्यानं शर्ट काढताना ते पाहिलं.

त्यानंतर चारेक दिवसांनी ती गोष्ट घडली.

ड्रिलच्या मशीनवर पंपाच्या तोंडाला भोकं पाडायचं काम चाललं होतं. भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून खाली एक लोखंडी साचा बसवतात. तो साचा रोज सकाळी थोडा हललेला असायचा आणि सकाळचा बराच माल फुकट जायचा. का हलतो ते कळत नव्हतं. मी वाकून बघत होते. पदर कमरेला खोचलेला होता, नेहमीसारखा. तो कधी सुटला ते मला कळलंच नाही. एकदम खांद्याला हिसका बसला आणि माझं डोकं मशीनच्या दिशेनं ओढलं गेलं.

मशीनवरचा माणूस साताऱ्याकडचा होता, पन्नाशीचा, फारसा न बोलणारा. त्यानं त्याच क्षणी लाल बटणावर थाप मारली. मशीन थांबलं. पदराची गुंडाळी ड्रिलभोवती दोरीसारखी पिळली गेली होती आणि माझा गाल तिच्यापासून वीतभर लांब होता. खांद्यावरची पिन उघडून मांसात गेली होती.

त्यानं कात्रीनं पदर कापून मला सोडवलं.

"मॅडम, परत असं उभं राहायचं नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला होता. नंतर एकदम खाली मान घालून म्हणाला, "माझी पोरगी तुमच्याएवढी आहे."

मी त्याला धन्यवादसुद्धा म्हणू शकले नाही. बाथरूममध्ये गेले, नळाखाली तोंड धरलं, उरलेला पदर आत खोचला आणि पुन्हा फ्लोअरवर आले. त्या दिवशी मी साडेसातपर्यंत काम केलं. त्यात शहाणपणा कितपत होता कोण जाणे, पण मला फ्लोअरवरच्या माणसांसमोर घरी पळायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मग म्हणाले, "तुम्ही प्लॅनिंगला या. वर एसी आहे, टेबलाचं काम आहे. तुमची हुशारी तिथेही लागेल. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"साहेब, माझं काम खाली आहे."

"काल काय झालं असतं कल्पना आहे ना? उद्या काही झालं तर मी तुमच्या घरच्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "मला सोमवारपर्यंत वेळ द्या." ते बरं म्हणाले. पण त्यांच्या मनात ते ठरलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. साडी घडी करून कपाटाच्या तळाला घातली होती. पण सासूबाई घटस्थापनेच्या आधी सगळं घर उपसून साफ करायच्या, त्यात ती निघाली. मी कामावरून आले तर त्या ती साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ह्या काय गो?"

"खिळ्यात अडकली, आई."

"खिळ्यान अशी पिळवटता साडी?" त्यांनी कापलेलं टोक माझ्यासमोर धरलं. "खोटा बोला नको. ह्या मशीनचा काम आसा. तुझ्या सासऱ्यांचो सदरो एकदा असोच झाल्लो."

मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं. खांद्यावरची जखम दाखवली, मॅनेजरांचं बोलणं सांगितलं. नवरा पेपर बाजूला ठेवून ऐकत होता. तो आधी चिडला, मी लपवलं म्हणून. मग म्हणाला, "अगं, मग शर्ट-पँट घाल ना सरळ. त्यात काय एवढं?"

त्याची पँट मी तिथल्या तिथे चढवून पाहिली. पट्टा आवळला तरी कमरेवर राहिना, आणि आरशात मी कुणाच्या तरी दुकानातून पळवलेले कपडे घातल्यासारखी दिसत होते. मुलगी तर हसून हसून लोळली. मीही हसले, पण आतून अगदी रडकुंडीला आले होते. मला कुणासारखं तरी दिसायचं नव्हतं. सहा वर्षं मी जे रूप जपलं होतं, ते माझं होतं. आणि पंजाबी ड्रेस घालावा तर ओढणी पदरापेक्षा वाईट.

"मग प्लॅनिंगला जा," नवरा म्हणाला. "जरा लवकर घरी तरी येशील."

त्याचं चुकत नव्हतं. त्या चित्राची आठवण दोघांनाही होती. मी त्याची पँट घडी करायला घेतली. तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"लूमखात्यात कोण धोतर नेसान उभो रवत नाय. हाफपँट आणि बंडी. त्यांची बंडी घरात मीच शिवलली. मशीनपुढे पुरुषान कपडो बदलल्यान तर चलता. आणि तू बायलमाणूस म्हणान साडी, आणि साडी म्हणान टेबलार बसायचा? ह्या कोणी ठरवल्यान?"

त्यांनी उठून शिवणाच्या मशीनवरचं झाकण काढलं.

"उद्या रविवार ना? माप दी," त्या म्हणाल्या.

तो रविवार मला अजून घटकाघटकांनी आठवतो. त्यांनी मला नुसतं मापासाठी उभं केलं नाही. काम करायला लावलं. "वाकून दाखव. हात वर कर. उकिडवी बस. त्या मशीनजवळ कशी उभी रवतंस तशी उभी रव." मी खोलीच्या मधोमध, नसलेल्या मशीनवर वाकून उभी, आणि त्या खडूनं माझ्या पाठीवर खुणा करतायत. आधी जुन्या चादरीचा कच्चा ड्रेस शिवला. तो घालून मला पुन्हा सगळ्या कसरती करायला लावल्या. काखेत ओढतंय म्हटल्यावर उसवला, परत शिवला.

मग खरा. कुर्ल्याच्या बाजारातून त्या स्वतः जाऊन जाड निळं सुती कापड घेऊन आल्या होत्या. गुडघ्याच्या वर थांबणारा कुर्ता, अंगाबरोबर, पण हालचालीला मोकळा. बाही कोपराखाली, टोकाला बटणानं आवळलेली. खाली सरळ विजार, घोट्याशी अरुंद. गळ्याला उभी कॉलर, ती माझ्या हट्टापायी. "काम करतेय म्हणजे गबाळं दिसायचं नाही," मी म्हटलं. त्या मान हलवून म्हणाल्या, "दिसायचा नायच." आणि खिसे. दोन खाली, एक छातीवर. छातीवरच्याची रुंदी माझी मापाची पट्टी आणि पेन्सिल ठेवून बघून ठरवली. सहा वर्षं मी ती पट्टी हातात नाही तर पर्समध्ये घेऊन फिरत होते, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की बाईच्या कपड्याला खिसा असू शकतो.

शेवटी त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं.

"मंगळसूत्र फडताळात ठेव कामार जाताना."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नवराही.

"बघतंस काय? ता काय पळान जाता?" असं म्हणून त्या सुईत दोरा ओवायला लागल्या.

सोमवारी मी निळा ड्रेस घालून निघाले. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गळ्याशी येऊन थांबल्या. "हे काय गं? कुठे नाटक-बिटक आहे का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही काकू, नोकरी आहे." एवढं बोलले खरी, पण बसमध्ये सगळा वेळ मला वाटत होतं की आख्खा आग्रा रोड माझ्याकडेच बघतोय. त्या रस्त्याचं नाव कधीच बदललं होतं, पण आम्ही सगळे अजून आग्रा रोडच म्हणायचो.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरले तेव्हा ते फोनवर होते. फोन खाली ठेवला आणि माझ्या ड्रेसकडे बघितलं.

"साहेब, मी फ्लोअर सोडणार नाही," मी म्हटलं. घोकून आले होते, म्हणून एका दमात बोलले. "त्या दिवशी पदर अडकला होता, म्हणून कपडेच बदलले. आता यात अडकण्यासारखं काही नाही. आणि आणखी एक. उद्यापासून मी सकाळी सातला येईन आणि साडेतीनला पाळी सुटल्यावर दोन तास थांबून साडेपाचला निघेन."

"स्टाफ नऊला येतो," ते म्हणाले.

"कामगार सातला येतात. साचा सातला हलतो, मी नऊला पोचते. तोपर्यंत भोकं वाकडी पडलेली असतात. संध्याकाळी थांबून मी फक्त सकाळचं निस्तरते."

"आणि दिवाळीचा माल?"

"तो जाईल. गेला नाही तर दिवाळीनंतर मी वर प्लॅनिंगला येऊन बसते. आपण होऊन."

हे शेवटचं वाक्य घोकलेलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. ते खुर्चीत मागे टेकले. "दिवाळीपर्यंत," म्हणाले. मग मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "खिसे चांगले आहेत."

फ्लोअरवर कुणी शिट्टी मारेल, कुणी हसेल, याची तयारी मी मनाशी करून ठेवली होती. तसं काही झालं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते, एवढंच. ड्रिलवरच्या साताऱ्याच्या माणसानं मला बघितलं, मशीन बंद केलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली, बाहीचं बटण चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाला, "आता या मॅडम. बघू तो साचा." त्यानंतर मी त्याला त्या दिवशीचे धन्यवाद दिले. तो "हां हां" म्हणून मशीनला तेल घालायला लागला.

सातला पोचायचं म्हणजे घरातून सहाच्या आत निघायचं. त्या महिन्यात आमच्या घराची सगळी घडीच बदलली. मुलीचं शाळेचं आवरणं नवऱ्याकडे आलं. त्याला तिच्या दोन वेण्या घालता यायच्या नाहीत. पहिला आठवडाभर एक वेणी कानाशी आणि दुसरी मानेशी, अशी ती शाळेत गेली. सासूबाई बघायच्या, पण हात लावायच्या नाहीत. "शिकांदे," म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेण्या एका रेषेत आल्या तेव्हा तो मला संध्याकाळी दारातच म्हणाला, "आज बघ. एकदम झकास." तेवढा अभिमान त्याला बढतीचाही झाला नव्हता.

आणि साचा का हलतो ते मला तिसऱ्या सकाळी सापडलं. रात्रपाळी सुटताना मशीन पुसण्यासाठी साच्याचा एक बोल्ट सैल करत होते, आणि पहिल्या पाळीतला माणूस तो आवळलेलाच आहे असं धरून चालत होता. नऊला येणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. मी बोल्टला लाल रंग लावला आणि सुरू करण्याआधी तो तपासायचा असा नियम केला. एवढंच. इतकी साधी गोष्ट होती. पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी कँटीनच्या मागे जाऊन उभी राहिले आणि स्वतःशीच हसले.

शनिवारी कॉलनीत भोंडला होता. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती मुलींनी आणि बायकांनी फेर धरायचा, आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखायची. मागच्या तीन वर्षांत मी एकदाही वेळेवर पोचले नव्हते. या वेळी मुलीला शब्द दिला होता. साडेपाचला निघालेही, पण वाटेत ट्रक बंद पडून रस्ता अडला. घरी जाऊन कपडे बदलायला वेळच उरला नाही. मी तशीच, निळ्या ड्रेसमध्ये, पायात कारखान्याचे जाड बूट, कॉलनीच्या अंगणात शिरले.

फेर नुकताच सुरू झाला होता. सगळ्या बायका जरीच्या साड्यांत, केसांत गजरे. मुलींचे परकर-पोलके. माझी मुलगी हिरव्या परकरात होती. माझ्या त्याच फाटलेल्या साडीचा चांगला भाग काढून आजीनं तो शिवला होता. मी कडेला थांबले. माझ्या कुर्त्याला तेलाचा डाग होता, आणि मला पहिल्यांदाच त्या ड्रेसची लाज वाटली. खालच्या काकू शेजारणीच्या कानाला लागल्या.

मुलीनं मला बघितलं. फेरातून हात सोडवून ती धावत आली आणि तिनं माझा हात धरून मला ओढलं.

"आई आली! लवकर आली!" ती सगळ्यांना सांगत होती. मग माझ्या कुर्त्याच्या खिशात सरळ हात घालून म्हणाली, "माझ्या आईला खिसे आहेत. तुमच्या आईला आहेत?"

दोन-तीन मुली खरंच आपापल्या आयांकडे वळून बघायला लागल्या. एक बाई हसली, मग सगळ्याच. मी जाड बूट काढून पारावर ठेवले आणि अनवाणी फेरात शिरले. खिरापत काय आहे ते कुणालाच ओळखता येईना. मी पहिल्याच झटक्यात "मक्याच्या लाह्या" म्हणाले आणि बरोबर निघालं. खरं सांगायचं तर वास आला होता.

फेर संपल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. कुर्त्याची शिवण बोटानं चाचपून म्हणाल्या, "कापड चांगलं आहे हो. सासूबाईंनी शिवलं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाटलंच. त्यांचा हात आहे." त्यानंतर त्यांनी मला नाटकाबद्दल कधी विचारलं नाही.

दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा असते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. त्या दिवशी मी साडी नेसून गेले. पोपटी रंगाची, कडक इस्त्रीची, पदराला बारीक जर. फ्लोअरवर एकानं विचारलं, "मॅडम, ड्रेस सोडला काय?" मी म्हटलं, "आज मशीन बंद आहेत ना रे. बंद मशीनसमोर मी काय वाट्टेल ते नेसेन." सगळे हसले. दरवर्षी मालकांच्या घरच्या बाई सगळ्या मशीनना हळदकुंकू लावायच्या. या वर्षी ड्रिलजवळ आल्यावर साताऱ्याच्या माणसानं माळ उचलली आणि माझ्या हातात दिली. "ही तुम्ही घाला," म्हणाला. बाई हसून बाजूला झाल्या. मी माळ घातली. साडीत, सगळ्यांसमोर, त्याच मशीनला. त्या वेळी मला काय वाटलं ते मी घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही. सांगता आलं नसतं.

दिवाळीचा माल धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी गेला. शेवटचा ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा मॅनेजर फ्लोअरवर आले, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "पाच वाजून पंचवीस. तुमची वेळ झाली." प्लॅनिंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

वर्षभरानं, पुन्हा ऑक्टोबरातच, त्यांनी मला बोलावलं. डिप्लोमा झालेल्या दोन मुली ट्रेनी म्हणून घ्यायच्या होत्या. फ्लोअरवर. "तो ड्रेस कोण शिवतं?" त्यांनी विचारलं. "दोघींना तसाच पाहिजे. कंपनीकडून."

मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मशीन बघितल्याशिवाय मी कापूचंय नाय. तुझा माका म्हायत होता. त्या पोरी खंयच्या मशीनार उभ्या रवतली?"

म्हणून त्या कारखान्यात आल्या. धुवट नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत टेप आणि खडू. गेटवरच्या माणसानं विचारलं, "आजी, कुणाला भेटायचंय?" त्या म्हणाल्या, "साहेबान बोलवल्यान. कामासाठी." त्यानं उठून गेट उघडलं.

त्यांनी सगळी शेड चालून बघितली. प्रत्येक मशीनजवळ थांबायच्या, कुठलं चाक फिरतं, हात कुठे जातो ते विचारायच्या. कामगार आपणहून मशीन थांबवून दाखवत होते. दोन्ही मुलींना त्यांनी मशीनजवळ उभं करून वाकायला लावलं, हात वर करायला लावलं आणि तिथेच मापं घेतली. ड्रिलजवळ आल्यावर मी सांगितलं, "आई, हेच ते." त्यांनी साताऱ्याच्या माणसाकडे बघितलं. पिशवीतून डबा काढला. त्यात नारळाच्या वड्या होत्या. त्याच्या हातात तो डबा दिला आणि म्हणाल्या, "घरी घेवन जा. डबो परत नको."

तो वाकून त्यांच्या पाया पडला.

परतताना बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. भांडुप गेलं, कांजूर गेलं, त्या पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. मला वाटलं दमल्या असतील. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी बत्तीस वर्षा मिलात काम केल्यानी. मी फक्त गेट बघितलंय. डबो घेवन जाय, आणि भायरच उभी रवय. आत लूम कसो असता, ता माका कधी बघूक गावला नाय."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, जे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

घाटकोपरला उतरून आम्ही बाजारातून निघालो. त्यांची नेहमीची कोळीण टोपलीसमोर बसली होती. तिनं हाक मारली, "काय मावशी, आज एवढ्या उशिरा? कुठं गेल्ती?"

सासूबाई थांबल्या. एरवी त्या कुणाला काही सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कारखान्यात गेल्लंय. माझी सून थय इंजिनिअर आसा. मी थयल्या पोरींचे कपडे शिवतंय."

मग खाली बसून, चांगला ताजा बांगडा निवडायला लागल्या.